फंक्शनल एमआरआय : रक्तातल्या लोहापासून मेंदूच्या नकाशापर्यंत

मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते दाखवणाऱ्या फंक्शनल एमआरआयला मेंदूतल्या पेशींचं काम थेट दिसत नाही. दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक. या तंत्राची ताकद तिथेच आहे आणि डोकेदुखीही तिथलीच.

१९४६मध्ये अमेरिकेत ब्लॉक आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे एमआरआयचा पाया असलेला चुंबकीय अनुनाद (एनएमआर), म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांनी रेडिओ लहरींना दिलेला प्रतिसाद, नोंदवला. १९५२चं नोबेल दोघांना मिळालं. ब्लॉक यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटातून १९५१मध्ये अल्कोहोलच्या रेणूतल्या हायड्रोजनचे वेगवेगळे संकेत दाखवणारा गाजलेला शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांपैकी एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) एनएमआरचं काम उभं केलं. म्हणजे या विद्येची मुंबईशी ओळख स्कॅन सेंटरच्या पाट्या लागण्याच्या कितीतरी आधीची!

१९७३मध्ये लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्राला उतार देऊन, म्हणजे ते जागेनुसार कमी-जास्त ठेवून, चित्र काढलं. १९७७मध्ये मॅन्सफिल्ड यांनी इको प्लॅनर पद्धत सुचवली. तिच्यात एका छेदाचा (मेंदूच्या एका पातळ कापाचा) सगळा डेटा एकाच झटक्यात गोळा होतो. ही पद्धत नसती तर दर दोन सेकंदांना अख्खा मेंदू टिपणं अवघडच होतं.

लोहाचा धागा त्याहून जुना आहे. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, हे पाउलिंग आणि कोरियल यांनी १९३६मध्येच दाखवलं होतं. १९९०मध्ये सेइजी ओगावा यांना प्राण्यांच्या मेंदूत रक्तवाहिन्यांच्या जागी काळ्या रेघा दिसल्या. शुद्ध ऑक्सिजन दिला की त्या पुसट व्हायच्या. १९९२मध्ये क्वाँग, ओगावा आणि बँडेटिनी यांच्या गटांनी कोणतंही औषध न टोचता माणसाच्या मेंदूत हाच संकेत पकडला. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं, संकेत दडपणारं बिनऑक्सिजनचं हिमोग्लोबिन कमी होतं आणि संकेत वाढतो. वाढ जेमतेम एक ते पाच टक्के, आणि तिचं शिखर पाच-सहा सेकंदांनी येतं.

आता दुसरी बाजू. जी पद्धत रक्तातल्या लोहाला इतकी संवेदनशील, ती नाकामागच्या पोकळ्यांतल्या हवेलाही तितकीच. हवा आणि ऊती जिथे भिडतात तिथे क्षेत्र वाकतं. त्यामुळे कपाळामागचा खालचा भाग चित्रातून गायब होतो किंवा ताणला जातो. ३ टेस्ला ताकदीच्या चुंबकाला इको टाइम (संकेत उठवल्यापासून टिपेपर्यंतचा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतात, छेद पातळ आणि तिरके घेतात, शिवाय चित्र ताणलं जाण्याची दिशा उलटी करून दोन-चार प्रतिमा घेतात आणि त्यांवरून विकृती सुधारतात. गायब झालेला संकेत मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. सुरुवातीच्या तीन-चार प्रतिमा टाकून द्याव्यात, कारण तोवर संकेत स्थिरावलेला नसतो. डोकं एक मिलिमीटर हललं तरी मेंदूच्या कडेला खोटी 'सक्रियता' उमटते. डोक्याभोवतीच्या उश्या नीट बसवायला पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

मुंबईत बहुतेक यंत्रं रुग्णांसाठीच राबतात, संशोधनाला उरलेसुरले तास मिळतात. तरी स्कॅनआधीची धातूची तपासणी घाईत उरकायची नसते. मंगळसूत्र लोक आठवणीने काढतात. साडीच्या निऱ्यांतली सेफ्टी पिन, अंबाड्यातले आकडे, जोडवी राहून जातात. जरीचे कपडेही नकोत. काही काजळ-मस्करांत लोहाचे रंग असतात आणि डोळ्यांपाशी चित्र बिघडतं. जानेवारी २०१८मध्ये शहरातल्याच एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेल्याने एका तरुणाचा जीव गेला. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो. चिलर (गार पाणी पुरवणारं यंत्र) बंद पडला तर चुंबकातलं द्रव हेलियम गार ठेवणारं यंत्र थांबतं आणि हेलियम उडू लागतं. त्यामुळे वीज गेल्यावर आधी चिलरकडे धाव घ्यायची.

संख्याशास्त्राचा हिशेब उशिरा झाला. २००९मध्ये एका मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून सैल गणिताने त्याच्याही मेंदूत 'सक्रियता' दाखवली गेली. २०१६मध्ये एकलुंड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की क्लस्टरच्या (लागून-लागून 'सक्रिय' दिसणाऱ्या ठिपक्यांच्या गटाच्या) काही प्रचलित चाचण्यांत पाच टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत खोटे निष्कर्ष निघू शकतात. क्लस्टर ठरवण्याचा उंबरठा (ठिपका निव्वळ योगायोगाने उजळण्याची चालवून घेतलेली शक्यता) ०.०१ असा सैल असला की हे जास्त घडतं. आता जाणकार परीक्षक तो ०.००१ आहे ना, हे आधी पाहतात.