शस्त्र परवान्याचे राज्यांतर

शस्त्र परवान्याचे राज्यांतर म्हणजे परवानाधारकाने एका राज्यातील बिऱ्हाड हलवून दुसऱ्या राज्यात वास्तव्य केल्यावर त्याच्या परवान्याची आणि त्यावर नोंदलेल्या बंदुकीची नोंद जुन्या परवाना प्राधिकाऱ्याच्या दप्तरातून नव्या प्राधिकाऱ्याच्या दप्तरात नेण्याची कायदेशीर प्रक्रिया. शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे नागपूरहून इंदूर, रायपूर किंवा हैदराबादला राहायला जाणाऱ्या माणसाला नवा शस्त्र कायदा शिकावा लागत नाही. बदलते ते परवाना सांभाळणारे कार्यालय आणि परवाना जिथे लागू आहे ते क्षेत्र. ‘परवाना आहे ना, मग कुठेही चालतो’ या समजुतीने सरळमार्गी माणसेही अडचणीत येतात, आणि बहुतेक वेळा ती अडचण जुने कार्यालय सुटले पण नवे अजून लागले नाही अशा मधल्या काळातच उभी राहते.

ब्रिटिश सरकारने लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये केलेल्या कायद्याने भारतीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. सध्या त्याखाली शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. नागपूरच्या दृष्टीने हा विषय जवळचा होण्याचे कारण शहराच्या इतिहासातच आहे. नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती. जबलपूर, शिवनी, छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात असताना या भागातील घराण्यांची शेती, सोयरीक आणि शिकारीच्या बंदुका आज ज्याला सीमा म्हणतात तिच्या दोन्ही बाजूंना विखुरल्या. सावनेर ओलांडून सौंसरला किंवा पांढुर्ण्याला गेले तरी कानावर मराठीच पडते, शेतात संत्रीच दिसतात. पण बंदुकीच्या परवान्यासाठी मात्र ते दुसरे राज्य असते.

परवाना देणारा प्राधिकारी सर्वसाधारणपणे जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी असतो. मात्र जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे ‘जिल्हादंडाधिकारी’ या शब्दाचा अर्थ पोलीस आयुक्त असा घ्यावा, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. म्हणून नागपूर शहरातील परवानाधारकाचे दप्तर पोलीस आयुक्तालयात असते, तर रामटेक, काटोल किंवा उमरेडच्या परवानाधारकाचे जिल्हाधिकारी कार्यालयात. या दोन हद्दी तालुक्यांच्या रेषांशी जुळतातच असे नाही. कामठी महसुली दृष्ट्या वेगळा तालुका असला तरी तेथील पोलीस ठाणी शहर आयुक्तालयाकडे आहेत. आपले दप्तर कुठे आहे हे आधी नक्की केले नाही तर अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतो. प्रतिबंधित बोरच्या (बोर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) शस्त्रांचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असतो. घरोघरी आढळणारी बारा बोरची दुनाळी,.३१५ ची रायफल किंवा .३२ चे रिव्हॉल्व्हर ही अप्रतिबंधित बोरची शस्त्रे आहेत.

परवाना पुस्तिकेत क्षेत्राचा एक रकाना असतो. त्यात जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत यांपैकी जे लिहिलेले असेल तेवढ्याच मुलखात ते शस्त्र नेता येते. फक्त महाराष्ट्रापुरता परवाना असलेल्या माणसाने नागपूर–शिवनी महामार्गावर खवासा ओलांडले की त्याच्याजवळची बंदूक परवान्याच्या अटीबाहेर जाते, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो. म्हणून सामान ट्रकमध्ये भरण्याआधी क्षेत्रविस्तार किंवा प्रवासापुरता परवाना मागून घेणे आवश्यक असते. परवान्याची दुसरी महत्त्वाची अट वास्तव्याविषयी आहे. परवानाधारक शस्त्र बरोबर घेऊन कायमचा किंवा तीस दिवसांहून अधिक काळासाठी दुसऱ्या प्राधिकाऱ्याच्या हद्दीत राहायला गेला, तर त्याने तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या प्राधिकाऱ्याला कळवले पाहिजे आणि मागणी होताच परवाना व शस्त्र नोंदीसाठी हजर केले पाहिजे. त्यानंतर नवे कार्यालय जुन्या कार्यालयाशी पडताळणी करते आणि पुढचे नूतनीकरणही नव्या ठिकाणीच होते.

प्रत्यक्षात लोक आधी जुन्या कार्यालयातून ‘ना हरकत’ म्हणजे एनओसी घेतात, आणि तेच शहाणपणाचे आहे. या टप्प्यावर बंदूक टेबलावर ठेवून तिचा क्रमांक पुस्तिकेतील क्रमांकाशी ताडून पाहिला जातो. तीन पिढ्या तेल-फडक्याने पुसल्या गेलेल्या दुनाळीवर हा कोरीव क्रमांक इतका झिजलेला असतो की टॉर्च आडवा धरून, भिंगातून एकेक आकडा वाचावा लागतो. तीन की आठ, यावरून अर्ज अडकू शकतो. पुस्तिकेवरील नाव आणि आधार कार्डावरील नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा आडनावाच्या लेखनाचा फरक असेल तर तोही इथेच निस्तरून घ्यावा, कारण परराज्यातल्या कारकुनाला मराठी नावाची पद्धत ठाऊक असेलच असे नाही.

एनओसीची वाट पाहण्याच्या काळात शस्त्राचे काय करायचे, हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. घर रिकामे करून माणूस निघून गेला आणि बंदूक कुलूपबंद खोलीत किंवा शेजाऱ्याकडे राहिली, तर ती परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात गेली असा अर्थ होऊ शकतो. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘गन हाऊस’मध्ये, किंवा पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करून पावती घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. पावतीवर क्रमांक, बोर आणि काडतुसांची संख्या स्वतः वाचून घ्यावी. काडतुसांकडे विशेष दुर्लक्ष होते. बॅगेच्या तळाशी किंवा जुन्या कोटाच्या खिशात राहिलेले एखादे काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडते आणि गुन्हा नोंदला जातो. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात म्हटले असले, तरी ते सिद्ध होईपर्यंतचे हेलपाटे माणसालाच सोसावे लागतात. विमानाने शस्त्र न्यायचे असल्यास ते आधी जाहीर करून, रिकामे करून, केवळ नोंदणीकृत सामानात द्यावे लागते.

नागपूरहून उत्तरेकडे जाणाऱ्याने जंगलाचा कायदाही लक्षात घ्यावा. पेंच व्याघ्र प्रकल्प महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत पसरला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही, आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. राष्ट्रीय उद्यानांनाही या तरतुदी लागू आहेत. जंगलालगत शेत घेऊन तिथे राहायला जाणाऱ्याच्या नियोजनात ही गोष्ट सहसा नसते.

परवाना ज्या कारणासाठी मिळाला ते कारण माणसाबरोबर स्थलांतर करतेच असे नाही, ही बाब कायद्यात ठळकपणे लिहिलेली नसली तरी व्यवहारात निर्णायक ठरते. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे. पारशिवनीकडचा शेतकरी शेत विकून भोपाळला मुलाकडे राहायला गेला, तर राखायला पीकच उरत नाही. अशा वेळी परवाना ओढत नेण्याऐवजी रीतसर परत करणे किंवा शस्त्र पात्र परवानाधारकाला विकणे अधिक योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उलट दिशेचे स्थलांतरही नागपूरला परिचित आहे. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल केंद्र आहे, आणि सैन्यातून निवृत्त होऊन या परिसरात स्थायिक होणाऱ्यांकडे नेमणुकीच्या ठिकाणी, परराज्यात, मिळालेला परवाना असू शकतो. सुरक्षारक्षकाची नोकरी पुष्कळदा त्याच बंदुकीवर अवलंबून असते. अशा परवान्यांची पडताळणी अलीकडे कडक झाली आहे. राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोशात नोंद आणि विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, असल्याशिवाय परवाना वैध धरला जात नाही. जम्मू-काश्मीरमधून अपात्र व्यक्तींना मोठ्या संख्येने परवाने दिले गेल्याच्या आरोपांची केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली, आणि त्या संशयाची झळ खऱ्या जवानांच्या अर्जांनाही बसते. हे अन्यायकारक आहे. सेवापुस्तिका, मूळ परवाना आणि खरेदीची पावती एकत्र ठेवणे हाच त्यावर उपाय उरतो.

शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. स्थलांतराच्या धावपळीत नूतनीकरण राहून गेले तर ताबाच बेकायदा ठरतो, आणि विनापरवाना अप्रतिबंधित अग्निशस्त्र बाळगण्यासाठी याच दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. केवळ अटीचा भंग झाल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश जिल्ह्याजिल्ह्यांत वेगवेगळ्या वेळी निघतात. त्यामुळे दोन राज्यांच्या निवडणुकांमध्ये घर बदलणाऱ्याने दोन्हीकडचे आदेश पाहावेत. तलवारीबाबत नियम आणखी वेगळा आहे: कलम ४ खालील अधिसूचना ज्या भागाला लागू असते तिथेच तिला परवाना लागतो. दसऱ्याला पूजेत मांडली जाणारी तलवार म्हणूनच एका गावी निर्धोक आणि दुसऱ्या गावी परवान्याची बाब ठरू शकते.

नागपूरचे अनेक तरुण कामानिमित्त अमेरिकेत राहतात, आणि तिथली रचना याच्या उलट आहे. तिथे केंद्राचा कायदा असूनही राज्याराज्यांचे नियम मुळातच वेगळे असतात. इलिनॉयमध्ये शस्त्र बाळगण्यासाठी ओळखपत्र लागते. कॅलिफोर्नियात नव्याने राहायला आलेल्याने साठ दिवसांत आपल्या शस्त्रांची माहिती राज्याला द्यावी लागते आणि दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवर निर्बंध आहेत. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने वाटेतील राज्यांतून जाताना संरक्षण दिले आहे. पण त्यासाठी शस्त्र रिकामे आणि बसण्याच्या जागेवरून हाती न येणारे असावे लागते, आणि निघण्याच्या व पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ते कायदेशीर असावे लागते. एच-वन-बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला तर, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, अग्निशस्त्र बाळगण्यासच केंद्रीय कायद्याची मनाई आहे.

भारतात सर्वांत गुंतागुंतीचे राज्यांतर वारसाहक्कातून उद्भवते. वडिलांचे निधन नागपुरात होते, मुलगा बंगळुरूकडे असतो आणि बंदूक कपाटात राहते. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. परवानाधारक वारला की शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते, आणि परराज्यातील वारसाला स्वतःच्या वास्तव्याच्या ठिकाणी स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो. परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, ते हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. मुले परराज्यात असलेल्या घरांनी तिचा वेळीच उपयोग केला, तर झिजलेला क्रमांक वाचून दाखवायला आणि ती बंदूक कधी, कोणाकडून घेतली हे सांगायला मूळ मालक स्वतः हजर असतो.