आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसला जायचंय? कोणाला जाता येतं आणि सोबत काय न्यायचं

सगळ्यात आधी, अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं हे कॉकस म्हणजे सरकारी मतदान नाही. ही पार्टीची मीटिंग असते, आपल्या ग्रामसभेसारखी, फक्त विषय एवढाच की राष्ट्राध्यक्षपदाला आपल्या पार्टीचा उमेदवार कोण असावा. त्यामुळे दिवसभरात कधीही जाऊन बटन दाबून आलो असं इथे चालत नाही, संध्याकाळी 7 ला हजर राहावंच लागतं. 2024 ला 15 जानेवारीला झालं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आतापर्यंतचं सगळ्यात थंड कॉकस म्हणतात ते, तरी साधारण 1 लाख 10 हजार लोक आलेच. खालची माहिती त्याच वेळची आहे, पुढच्या वेळी पार्टी नियम बदलू शकते तेव्हा जायच्या आधी एकदा चेक करा.

पात्रता तशी सोपी आहे. अमेरिकन नागरिक हवं, आयोवात राहायला हवं, आणि रिपब्लिकन म्हणून रजिस्टर हवं. वय आज 17 असलं तरी नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपर्यंत 18 पूर्ण होत असेल तर चालतं, म्हणजे बारावीतली पोरंही येऊ शकतात.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं. डे मॉइन, सीडर रॅपिड्सकडे एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर (कायम राहायचा परवाना) असलेले बरेच जण आहेत, त्यांना मत देता येत नाही, टॅक्स कितीही वर्षं भरत असलात तरी. दारात कोणी प्रेमाने फॉर्म पुढे केला तरी भरू नका, त्यावर नागरिक असल्याची सही असते आणि खोटी सही पुढे इमिग्रेशनमध्ये गळ्याशी येते. "चुकून झालं" म्हणून सहज सुटका होत नाही.

कागदपत्रं म्हणाल तर फोटो आयडी न्या, आयोवाचं ड्रायव्हिंग लायसन्स बेस्ट. नुकतंच घर बदललं असेल आणि आयडीवर जुना पत्ता असेल तर नव्या पत्त्याचा पुरावा पण घ्या, भाडेकरार, लाइट बिल, बँक स्टेटमेंट असलं काहीतरी. रजिस्ट्रेशन नसेल किंवा दुसऱ्या पार्टीत असेल तर तिथल्या तिथे फॉर्म भरून बदलता येतं, पण त्याची वेगळी लाइन लागते म्हणून साडेसहालाच पोचा.

जागा मात्र नीट बघा. राज्यात 99 काउंटी (आपल्या जिल्ह्यासारख्या), त्यात दीड हजाराच्या वर प्रिसिंक्ट, म्हणजे मतदानाचे छोटे विभाग, तुमच्या पत्त्याचा जो असेल तिथेच जायचं, मित्राबरोबर त्याच्या प्रिसिंक्टला गेलात तर परत पाठवतील. आणि नेहमी निवडणुकीला जिथे जाता तीच जागा असेल असंही नाही.

आत काय होतं? आधी त्या मीटिंगचा अध्यक्ष निवडतात, मग प्रत्येक उमेदवाराच्या बाजूने कोणीतरी दोन मिनिटं बोलतं, बऱ्याचदा शेजारच्या गल्लीतलाच माणूस. मग कोरी चिठ्ठी मिळते, त्यावर नाव लिहून द्यायचं. मत गुप्त, मोजणी सगळ्यांसमोर. ही चिठ्ठी हलकी समजू नका, 2012 ला मिट रॉमनी आणि रिक सँटोरम हे उमेदवार होते, त्या रात्री रॉमनी 8 मतांनी पुढे होते आणि नंतर पक्की मोजणी आली तेव्हा सँटोरम 34 मतांनी पुढे निघाले! 2024 ला ट्रम्पना 51 टक्के मिळाली, आपले भारतीय वंशाचे विवेक रामस्वामी चौथे आले आणि त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. राज्याचे 40 डेलिगेट, म्हणजे पार्टीच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटले जातात.

मत दिलं की निघता येतं, पण काउंटी अधिवेशनाला पाठवायचे प्रतिनिधी त्यानंतर निवडतात. खुर्च्या रिकाम्या होत असतात, नाव सुचवायला फार कोणी उरत नाही, त्यामुळे हौस असेल तर थांबा, पहिल्याच वर्षी नंबर लागू शकतो.

डेमोक्रॅटचं 2024 ला एकदम वेगळं होतं, पोस्टाने मत द्यायचं कार्ड मागवायचं, भरून पाठवायचं आणि निकाल 5 मार्चला. रिपब्लिकनकडे पोस्टाची सोय नव्हती, त्यामुळे नाइट शिफ्ट असेल किंवा लहान बाळ घरी असेल तर त्याची सोय आधी लावून ठेवा.