फिल्टरिंग प्रॉक्सी

ब्राउझरची प्रत्येक विनंती आधी स्वतःकडे घेऊन, ठरवलेल्या नियमांप्रमाणे ती पुढे सोडणारा किंवा अडवणारा मधला सर्व्हर. शाळा, ग्रंथालये आणि कार्यालयांच्या नेटवर्कवर तो बसवतात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये या कामासाठी ‘स्क्विड’ दीर्घकाळ वापरात आहे. हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातून १९९० च्या दशकात तो निघाला. पानांचा साठा करून बँडविड्थ वाचवणे हा त्याचा मूळ उद्देश.

लिनक्सवर पॅकेज बसवले की स्क्विड ३१२८ या पोर्टवर विनंत्या स्वीकारतो. मांडणी ‘स्क्विड.कॉन्फ’ या फाइलमध्ये असते. एसीएलच्या (ॲक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजे नावे दिलेल्या अटींच्या) ओळी कोण, कुठे, केव्हा एवढेच सांगतात. परवानगी किंवा मनाई ‘एचटीटीपी_ॲक्सेस’च्या ओळी ठरवतात. एका एसीएलमधल्या मूल्यांपैकी कोणतेही एक जुळले तरी पुरते, पण ॲक्सेसच्या एका ओळीतल्या सगळ्या एसीएल जुळाव्या लागतात. डोमेनच्या नावाआधी टिंब दिले तर त्याची उपडोमेनेही नियमात येतात.

खरी मेख क्रमात आहे. ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळणारी ओळच लागू होते. १९२.१६८.१०.०/२४ या नेटवर्कला परवानगी देणारी ओळ बंदी घातलेल्या डोमेनांच्या ओळीवर राहिली, तर तिथल्या संगणकांपुरती बंदी असून नसल्यासारखी होते. फाइल तपासणारा ‘स्क्विड -के पार्स’ हा आदेशही तक्रार करत नाही, कारण व्याकरण बरोबरच असते. काहीच जुळले नाही तर शेवटच्या ओळीच्या उलट निर्णय लागतो. म्हणून शेवटी सर्वांना मनाई करणारी ओळ हवीच.

मजकूर पाहून गाळण्यासाठी स्क्विडपुढे ‘डॅन्सगार्डियन’ बसवत. तो पानातल्या शब्दांना भार देई आणि बेरीज मर्यादेपलीकडे गेली की पान अडवी. त्याच्या मांडणीत लहान मुलांसाठी ५०, मोठ्या मुलांसाठी १०० आणि तरुणांसाठी १६० ही मर्यादा सुचवलेली होती. वैद्यकीय पाने नाहक अडू नयेत म्हणून काही शब्दांना उणे भारही असे. ही कल्पना नुसत्या काळ्या यादीपेक्षा कितीतरी समंजस होती.

एचटीटीपीएस, म्हणजे पाने कूटबद्ध करून पाठवण्याची पद्धत, सार्वत्रिक झाल्यावर मजकूर पाहून गाळण्याच्या या कल्पनेचा आधारच गेला. ब्राउझर ‘कनेक्ट’ विनंतीत फक्त सर्व्हरचे नाव व पोर्ट देतो. पुढचे सगळे कूटबद्ध असते. अडवल्यावर प्रॉक्सीचे सूचनापानही दिसत नाही, ब्राउझर स्वतःची त्रुटी दाखवतो आणि वापरणाऱ्याला नेटच बंद पडल्यासारखे वाटते. स्क्विड ३.५ पासून जोडणीतले नाव डोकावून पाहून ती न उघडता पुढे सोडता येते. ती उघडायचीच असेल, तर प्रत्येक संगणकावर स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (ब्राउझरने प्रॉक्सीवर विश्वास ठेवावा म्हणून) बसवावे लागते. डेबियनवर त्यासाठी ‘स्क्विड-ओपनएसएसएल’ हे वेगळे पॅकेज आहे. जोडणी अशी उघडली की लोकांचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहारही प्रॉक्सीवर उघडे होतात. शाळेला नावावरून गाळणे पुरते. कार्यालयाला याहून जास्त हवे असेल, तर कर्मचाऱ्यांना आधी स्पष्ट सांगितले पाहिजे आणि बँका, रुग्णालये यांची डोमेने वगळली पाहिजेत.

प्रॉक्सीला वळसा घालणारी वाट फायरवॉलवर बंद करावी लागते : प्रॉक्सीखेरीज इतर संगणकांकडून ८० आणि ४४३ पोर्टांकडे जाणारी वाहतूक अडवायची. यात क्विकसाठी (ब्राउझर वापरतात त्या नव्या, यूडीपीवर चालणाऱ्या वहन पद्धतीसाठी) वापरला जाणारा यूडीपी ४४३ विसरू नये. नियम बदलल्यावर ‘स्क्विड -के रीकॉन्फिगर’ चालवून एक बंदी घातलेले संकेतस्थळ उघडून पाहावे. ॲक्सेस लॉगमध्ये ‘टीसीपी_डिनाइड/४०३’ अशी नोंद दिसली की ती बंदी लागू झाली आहे.