सातबारा म्हणजे शेत नव्हे: नेदरलँड्सनं युरोपियानाला नेमकं काय दिलं?

सातबारा हातात आला म्हणजे शेत हातात आलं, असं गावाकडं कुणी मानत नाही. उताऱ्यावर गट क्रमांक असतो, क्षेत्र असतं, खातेदाराचं नाव आणि पिकांची नोंद असते. बांध, विहीर, काळी माती मात्र तिकडं रानातच. जमिनीच्या बाबतीत हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. डिजिटल संग्रहांकडं वळलो की तोच फरक नजरेतून सुटतो. युरोपियाना हे युरोपभरच्या संग्रहालयांतल्या, ग्रंथालयांतल्या, अभिलेखागारांतल्या वस्तू एकाच ठिकाणी शोधायचं संकेतस्थळ. ‘नेदरलँड्सनं युरोपियानाला लाखो चित्रं दिली’ असं सहज बोललं जातं. खरं तर नेदरलँड्सनं दिल्या त्या नोंदी. चित्रं ज्या त्या संस्थेच्या सर्व्हरवर होती, तिथंच राहिली.

हा शब्दांचा कीस नाही. एखाद्या देशाचा वाटा किती मोठा, अमुक चित्र पुस्तकात छापता येईल का, पाच वर्षांनी ते पुन्हा सापडेल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वस्तू आणि नोंद वेगळी केल्याशिवाय मिळत नाहीत.

आधी युरोपियानाबद्दल थोडं. गूगलनं २००४च्या डिसेंबरात मोठमोठ्या ग्रंथालयांतली पुस्तकं स्कॅन करायचा बेत जाहीर केला, तेव्हा युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, अस्वस्थता पसरली. एप्रिल २००५मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक यांच्या पुढाकारानं सहा देशांच्या प्रमुखांनी युरोपीय आयोगाला पत्र लिहून सामाईक डिजिटल ग्रंथालयाची मागणी केली. त्या सहांत नेदरलँड्स नव्हता, पण युरोपियानाचं बिऱ्हाड पुढं थाटलं गेलं ते हेगमध्ये, डच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या आवारात. २० नोव्हेंबर २००८ला संकेतस्थळ खुलं झालं आणि त्याच दिवशी लोकांच्या गर्दीनं कोसळलं. ते परत उभं राहायला डिसेंबर उजाडला. आज तिथं पाच कोटींहून जास्त नोंदी आहेत.

आता एक चित्र अगदी जवळून बघू. मुद्दाम गोव्याचं घेतो, कारण ते आपल्या अंगणातलं आहे आणि तरीही त्याचा पत्ता ॲमस्टरडॅमचा आहे.

यान ह्यूगेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी कारकुनी करत होता. मायदेशी परतल्यावर १५९६मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचा प्रवासग्रंथ निघाला. त्यात गोव्याच्या बाजाराचं एक मोठं घडीचं चित्र आहे, व्हान डोटेकुम घराण्यातल्या कोरक्यांनी ताम्रपटावर कोरलेलं. दोन्ही बाजूंना घरं, मधून सरळ जाणारा रस्ता आणि त्यावर सकाळचा लिलाव. ऊन तापायच्या आत हा बाजार उरकत असे, असं लिन्शोटेन लिहितो. पालखी आहे, घोडा आहे, धन्याच्या डोक्यावर छत्री धरून चालणारे चाकर आहेत, आणि विकायला उभे केलेले गुलामही आहेत. जुन्या गोव्याबद्दल वाचणाऱ्या कुणालाही हे चित्र तासभर खिळवून ठेवतं.

या चित्राची एक छापील प्रत ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. कागद तिथल्या कपाटात, कागदाची डिजिटल प्रतिमा संग्रहालयाच्या सर्व्हरवर. संग्रहालयानं या कागदाची नोंद केली: शीर्षक डच भाषेत, कोरक्याचं नाव, साल, तंत्र, लांबी-रुंदी, वस्तू क्रमांक. युरोपियानाकडं जाते ती हीच नोंद, ठरावीक साच्यात बसवलेली. त्या साच्यात दोन रकाने असे आहेत की ज्यांची नावं ऐकून नवखा माणूस हमखास गोंधळतो. एकाचं नाव ‘इज शोन ॲट’, दुसऱ्याचं ‘इज शोन बाय’. पहिल्यात संग्रहालयाच्या त्या पानाचा पत्ता भरतात जिथं ही वस्तू तिच्या माहितीसकट मांडलेली आहे. दुसऱ्यात थेट प्रतिमेच्या फाइलचा पत्ता. म्हणजे एक रकाना घराचा दरवाजा दाखवतो, दुसरा कपाटातल्या खणाकडं बोट करतो. दोन्ही रकान्यांत पत्तेच आहेत. वस्तू कुठल्याच रकान्यात नाही.

युरोपियाना स्वतःजवळ ठेवतं ते ही नोंद आणि एक छोटी लघुप्रतिमा, शोधाच्या यादीत दिसण्यापुरती. मग आपली फसगत होते कशी? तर नोंदीचं पान उघडलं की चित्र मोठं दिसतं, काही ठिकाणी बोटांनी ताणून आणखी मोठं करता येतं. वाटतं की ते इथंच आहे. प्रत्यक्षात तो मोठा आकार त्या क्षणी मूळ संस्थेच्या सर्व्हरवरून मागवला जात असतो. खिडकी युरोपियानाची, तिच्यातून दिसणारं आवार दुसऱ्याचं. मला ही सोय मनापासून आवडते, पण गैरसमजाचं मूळही तिच्यातच आहे.

आणि हे असंच असणं भाग आहे. राइक्सम्युझियमनं जानेवारी २०२२मध्ये रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’ची जी प्रतिमा प्रसिद्ध केली ती ७१७ गिगापिक्सेलची, ८,४३९ छायाचित्रं जोडून तयार केलेली. असल्या प्रतिमा सांभाळणं, रंग तपासत राहणं, नव्या तपासणीनंतर माहिती दुरुस्त करणं हे काम ज्याच्या भिंतीवर ते चित्र टांगलेलं आहे त्यानंच करायचं. हजारो संस्थांच्या वस्तू एका जागी कोंबल्या असत्या तर त्या सांभाळणार कोण, आणि वस्तूंची खरी जाण असलेली माणसं त्यांच्यापासून तुटली असती ते वेगळंच.

नोंदी थेट संस्थेकडून युरोपियानात जातात असंही सहसा होत नाही. मध्ये गोळा करणाऱ्या संस्था असतात, त्यांना अ‍ॅग्रिगेटर म्हणतात. काही देशापुरत्या, काही विषयापुरत्या: चित्रपटांचा वेगळा, दूरचित्रवाणीचा वेगळा, अभिलेखागारांचा वेगळा.

आता देशाच्या वाट्याचा हिशोब. युरोपियाना सुरू झालं तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदी एकट्या फ्रान्सच्या होत्या आणि त्यावरून बरीच चर्चा झाली, इतर देशांना टोचूनही झालं. पुढं चित्र बदललं आणि नेदरलँड्स संख्येनं आघाडीच्या देशांत जाऊन बसला. पण संख्या कशाची मोजतो आहोत? नोंदींची. लायडनच्या नॅचुरालिस या निसर्गविज्ञान संग्रहालयानं वाळवलेल्या वनस्पतींचे ४० लाखांहून जास्त नमुने डिजिटल केले. त्यासाठी सरकत्या पट्ट्यावर एकामागून एक कागद ठेवून छायाचित्रं घेतली गेली. युरोपियानातल्या डच नोंदींत अशा नमुन्यांचा भरणा मोठा आहे. एका वाळलेल्या फांदीची एक नोंद आणि थोर डच चित्रकार व्हर्मीरच्या एका चित्राचीही एकच नोंद. दोनशे पानांचा छायाचित्रांचा अल्बम एखादी संस्था एका नोंदीत बसवते, दुसरी त्याच्याच दोनशे नोंदी करते. अभिलेखागारात तर अख्ख्या फायलीची मिळून एकच नोंद असू शकते. तेव्हा ‘अमुक देशाच्या इतक्या लाख वस्तू’ हे वाचताना मी आधी बघतो, मोजणारानं मोजलं काय.

वाळलेल्या फांद्यांना मी कमी लेखत नाही, हेही सांगून टाकतो. शंभर वर्षांपूर्वी कुठली वनस्पती कुठं उगवत होती याचा तेवढाच भक्कम पुरावा असतो. माझं म्हणणं इतकंच की नोंदींची बेरीज हे संस्कृतीच्या श्रीमंतीचं माप नव्हे.

युरोपियानानंही हे ओळखलं. नुसती संख्या बघणं सोडून नोंदीमागं प्रत्यक्षात काय मिळतं यावर प्रतवारी सुरू झाली. सगळ्यात खालच्या प्रतीत साधारण ४०० पिक्सेल रुंदीची प्रतिमा असली तरी चालते. वरच्या दोन प्रतींसाठी साधारण १२०० पिक्सेल रुंदी लागते. सगळ्यात वरच्या प्रतीत बसायचं तर प्रतिमा कुणालाही मोकळेपणानं वापरता आली पाहिजे. नोंदीच्या मजकुराची प्रतवारी वेगळी, तिच्यात कोणतं शीर्षक कोणत्या भाषेत आहे हे सांगितलंय की नाही तेही तपासतात. म्हणजे वस्तूची प्रतवारी एकीकडं, नोंदीची प्रतवारी दुसरीकडं. दोन्ही वेगळ्या आहेत हे इथं कामकाजातच मान्य झालं.

नेदरलँड्सचा खरा मोठेपणा मला याच ठिकाणी दिसतो आणि त्यासाठी राइक्सम्युझियममधल्या व्हर्मीरच्या ‘दूधवाली’ या चित्राकडं जावं लागतं. जेमतेम ४५ सेंटिमीटर उंचीचं ते चित्र, सुमारे १६६०चं. खिडकीतून आलेला थंड उजेड, निळं वस्त्र, मडक्यातून पडणारी दुधाची बारीक धार. इंटरनेटवर या चित्राच्या हजारो प्रती फिरत होत्या आणि त्यांतल्या बहुतेक पिवळट पडलेल्या, वाईट स्कॅनच्या. त्या इतक्या रुळल्या की संग्रहालयाच्या दुकानातली अचूक रंगाची पोस्टकार्डं पाहून लोक ‘हे खरं चित्र नव्हे’ म्हणायला लागले. संग्रहालयापुढं दोन वाटा होत्या. एक, वाईट प्रतींमागं धावायचं. दुसरी, चांगली प्रत सगळ्यांसाठी मोकळी करायची, सोबत नीट नोंद द्यायची आणि शोधणाऱ्याला आपसूक तीच आधी सापडेल असं बघायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. २०११मध्ये युरोपियानानं ही हकिगत इतर संस्थांना पटवण्यासाठी उदाहरण म्हणून मांडली, आणि २०१२च्या ऑक्टोबरात राइक्सम्युझियमनं सव्वा लाख वस्तूंच्या उत्तम प्रतिमा स्वतःच्या संकेतस्थळावर लोकांना वापरायला दिल्या.

या हकिगतीत चांगली प्रतिमा आणि चांगली नोंद यांची जोडी आहे. नुसती प्रतिमा मोकळी केली असती आणि नोंद धड नसती, तर पिवळी दूधवालीच शोधाच्या यादीत वर राहिली असती. नुसती नोंद दिली असती, तर लोकांनी नाव वाचून पिवळी प्रतच उतरवून घेतली असती.

हक्कांच्या बाबतीत घोटाळा जास्त महागात पडतो. सप्टेंबर २०१२पासून युरोपियानातल्या सगळ्या नोंदींचा मजकूर ‘सीसी झीरो’ या, म्हणजे सगळे हक्क सोडून दिल्याच्या, घोषणेखाली मोकळा आहे. कुणीही घ्यावा, वापरावा, विकावा. ही मोकळीक नोंदीला आहे. तिच्यामागच्या वस्तूला ती आपोआप लागू होत नाही. १९६०च्या दशकातल्या एखाद्या डच छायाचित्राची नोंद तुम्ही खुशाल उचला, पण छायाचित्रकाराचा हक्क शाबूत असेल तर छायाचित्र त्याच्या परवानगीविना छापता येत नाही. वस्तूचे हक्क सांगणारा वेगळा रकाना नोंदीत असतो, नजर तिथं जायला हवी. गोव्याच्या बाजाराच्या चित्राला ही अडचण नाही, चारशे वर्षांत ते केव्हाच सर्वांचं झालंय. जुन्या चित्राचा हुबेहूब फोटो काढून त्यावर नवा हक्क सांगायची पळवाटही युरोपीय संघाच्या २०१९च्या कॉपीराइट निर्देशानं बंद केली आहे.

नोंद आणि वस्तू यांची ताटातूटही होते. संस्था संकेतस्थळ बदलते, पत्ते बदलतात, जुन्या नोंदी मात्र जुन्याच पत्त्याकडं बोट दाखवत राहतात. उतारा आहे पण शेत सापडत नाही, अशी गत. आपल्याकडं एका संस्थेनं जुनी मराठी मासिकं स्कॅन करून ठेवली होती. त्यांचे पत्ते मी वहीत नीट लिहून घेतले होते. एका सकाळी त्यातला एकही उघडेना. मासिकं कुठंतरी असतीलच, पण माझ्या हातात उरली ती माझी यादी. तेव्हापासून पत्त्याबरोबर संस्थेचं नाव आणि वस्तू क्रमांक लिहितो. पत्ता मेला तरी क्रमांक विचारून वस्तू पुन्हा गाठता येते.

उलटंही घडतं. वस्तू असते, उत्तम स्कॅनही असतो, पण नोंदीतला शब्द आपल्या ओळखीचा नसतो. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार १६३७पासून वेंगुर्ल्याला होती. तिथल्या डच कागदांत गावाचं नाव ‘विंगुर्ला’ असं पडतं. आजच्या वळणानं नाव टाकून शोधलं आणि नोंदीत कुणी दोन्ही रूपं जोडून ठेवली नसतील, तर आपण रित्या हातानं परततो आणि समजतो की तिकडं काही नाही. गोव्याचं बरं, त्याचं नाव चारशे वर्षं तेच राहिलं. म्हणून कोकणाबद्दल शोधणाऱ्यांना माझं सांगणं असं: गावाचं नाव निदान तीन-चार जुन्या वळणांनी टाकून बघा, सोबत बाजार, बंदर, नकाशा यांचे डच शब्द जोडा. युरोपियानात शोधा, कारण एकाच वेळी हजारो संस्थांची दारं वाजवता येतात. सापडलं की मात्र तिथं थांबू नका, मूळ संस्थेच्या पानावर जा. पूर्ण आकाराची प्रतिमा तिथं, ताजी दुरुस्त केलेली माहितीही तिथंच.

आणि चित्र छापलंत तर खाली ‘सौजन्य: युरोपियाना’ लिहू नका. लिहा राइक्सम्युझियम, ॲमस्टरडॅम, आणि पुढं वस्तू क्रमांक.