नव्या गुडघ्याला तेल नको, शेक नको

कोल्हापुरात पाय दुखला की तेल आणि शेक ठरलेला. तालमींच्या या गावाचा मालिशवर विश्वास आहे आणि तो उगाच नाही. पण गुडघ्याची वाटी बदलून घरी आलेल्या माणसाच्या पायाला कुणी तेल लावायला बसलं, तर त्याला तिथंच थांबवा.

या शस्त्रक्रियेत हाडाची टोकं कापावी लागतात. भोवतालच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि जखम भरून काढणाऱ्या पेशींबरोबर द्रवही तिथं साचतो. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत सूज जास्त असते, थोडी तर काही महिने राहते. काळानिळा डाग घोट्यापर्यंत उतरतो तोही गुरुत्वाकर्षणानं, घाबरू नका. शेकल्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज वाढते. मालिशचा धोका त्याहून मोठा. पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते.

त्याऐवजी बर्फ. कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, जखम कोरडी ठेवून.

आणि पंजा हलवा. हृदय रक्त खाली पाठवतं, पण वर चढवायला पोटरीच्या स्नायूंची मदत लागते. स्नायू आवळला की शीर दाबली जाते आणि रक्त वर सरकतं. नदीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह पाणी परत उतरू देत नाही, तशाच झडपा शिरांमध्ये असतात. म्हणून जागेपणी दर तासाला पंजा दहा-वीस वेळा वर-खाली करायचा. हा साधा व्यायाम कंटाळा न करता करायलाच हवा.

भेटायला येणाऱ्यांसाठी पेशंटला तासन्‌तास सोफ्यावर पाय खाली सोडून बसवू नका. त्याला आडवं होऊ द्या, पाय छातीपेक्षा उंच ठेवा. उशी टाचेखाली आणि पोटरीखाली, गुडघ्याखाली नको. तिथं बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढं चालताना पाय पूर्ण सरळ होत नाही. घरातल्या घरात थोडं थोडं चालावं. रंकाळ्याची फेरी डॉक्टर सांगतील तेव्हा. जेवणात अंडी, डाळ, मटण असू द्या. नुसत्या पांढऱ्या रश्शावर भागत नाही.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर फोनवर विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.