खेतडीचे तांबे: ‘बंद’ नेमके काय झाले?

धुळे-अमळनेरच्या माणसाला ‘गिरणी बंद पडली’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. भोंगा थांबतो, फाटकाला कुलूप लागते आणि चाळी रिकाम्या होतात. राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यातील खेतडीबद्दल ‘तेथील तांबे बंद झाले’ असे ऐकल्यावर आपण तेच चित्र डोळ्यांपुढे आणतो, आणि तेथेच चूक होते.

सिंघाण्यापासून रघुनाथगढपर्यंत सुमारे ८० किलोमीटर पसरलेल्या या अरवलीच्या पट्ट्यात तांबे फार पूर्वीपासून काढले जात होते. शेजारच्या सीकर जिल्ह्यातील गणेश्वर येथे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील तांब्याच्या शेकडो वस्तू सापडल्या आहेत. अकबरकालीन नोंदींत सिंघाण्याच्या खाणींचा उल्लेख येतो. पुढे एकोणिसाव्या शतकात स्वस्त विलायती तांब्यापुढे येथील कोळशाच्या भट्ट्या टिकल्या नाहीत, आणि सिंघाण्याजवळ धातुमळीचे, म्हणजे तांबे गाळून उरलेल्या टाकाऊ मळीचे, ढीग तेवढे उरले.

स्वातंत्र्यानंतर नव्याने शोध झाला. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीकडे हे काम गेले, आणि जुन्या संस्थानी खेतडीपासून काही अंतरावर खेतडीनगर ही कामगारांची वसाहत उभी राहिली. वर्षाला ३१,००० टन तांबे देऊ शकणारा धातू गाळण्याचा कारखाना १९७४-७५ मध्ये सुरू झाला. दगड खाणीतून निघे, दळून व पाण्यात फेसाळवून त्यातील तांब्याचा अंश वेगळा काढला जाई, ती भुकटी भट्टीत जाई, आणि भट्टीच्या धुरातील गंधकापासून आम्ल व पुढे खत होई. एकाच आवारात बांधलेली ही साखळी हेच खेतडीचे खरे वैशिष्ट्य होते.

२००८ च्या अखेरीस बंद झाली ती या साखळीतील भट्टी आणि तिला जोडलेला शुद्धीकरण विभाग, खाण नव्हे. निर्णयाच्या बाजूची कारणे खोटी नव्हती. दगडात तांबे जेमतेम एक टक्का, तंत्र जुने, आणि १९९१ नंतर आयात शुल्क उतरत गेल्यावर गाठ पडली ती परदेशी भुकटी बंदरावरच उतरवून घेणाऱ्या, लाखो टन क्षमतेच्या किनारपट्टीवरील खासगी कारखान्यांशी. त्यातच २००८ च्या जुलैत टनाला आठ हजार डॉलरच्या वर असलेला जागतिक भाव डिसेंबरपर्यंत तीन हजारांच्या आसपास आला. तरीही केवळ भट्टीपुरता तोटा मांडून असा निर्णय समर्थनीय ठरत नाही, कारण आम्ल, खत आणि वसाहतीचा रोजगार त्याच भट्टीच्या आधाराने उभे होते. शिवाय २०११ च्या फेब्रुवारीत तोच भाव दहा हजार डॉलरच्या पुढे गेला, तेव्हाही भट्टी पेटवली गेली नाही. खेतडी आणि कोलिहान येथील खाणी चालूच राहिल्या. फरक एवढाच की, जेथे पूर्वी तांबे तयार होई तेथून आता भुकटी विकली जाऊ लागली, आणि तिच्यातून धातू काढण्याची कमाई दुसरीकडे गेली. ‘बंद’ हा शब्द हा फरक झाकून टाकतो, म्हणून तो जपून वापरावा.

मे २०२४ मध्ये कोलिहान येथे खाणीत माणसांना खाली-वर नेणारा पाळणा कोसळून १५ जण जमिनीखाली सुमारे साडेपाचशे मीटरवर अडकले. चौदा जणांना जिवंत बाहेर काढण्यात आले, एकाचा मृत्यू झाला. ती चालू खाण होती.