परदेशी सरकारांवर निर्बंधाचं मतदान आणि आपलं सोयाबीन-कापूस : पार्श्वभूमी

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारताच्या मालावरचं टॅरिफ, म्हणजे आयात कर, ५० टक्क्यांवर नेलं, त्यातले २५ टक्के खास रशियाचं तेल घेतो म्हणून लावलेले, आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि लगेच मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. कारण सांगितलं कापड उद्योगाला कापूस कमी पडू नये हे, पण वेळ बघितली की टॅरिफशी त्याचा संबंध कळतो. जालना, परभणी, बीडकडं तेव्हा कापूस पात्या-बोंडावर होता. लढाई रशिया-युक्रेनची, राग अमेरिकेचा, आणि भाव आमच्या कापसाचा का पडावा, हे लोकं विचारतात ते अगदी बरोबर विचारतात. त्याचं उत्तर मात्र बरंच मागं जाऊन शोधावं लागतं.

आधी हे निर्बंध लावतं कोण ते बघू. अमेरिकेत दोन रस्ते आहेत. एक, राष्ट्राध्यक्ष स्वतः आदेश काढतो, त्यासाठी १९७७ चा आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा कायदा वापरतात, वरचे २५ टक्के त्याच रस्त्यानं आले. दुसरा रस्ता संसदेचा, म्हणजे हाऊस आणि सिनेट दोन्हीकडं बिल पास करायचं, राष्ट्राध्यक्षाने सही केली तर कायदा झाला, नाही केली आणि व्हेटो मारला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवून तो व्हेटो उलटवायचा. युरोपियन युनियनमध्ये वेगळंच, तिथं खासदार नाही तर २७ देशांची सरकारं एकमताने ठरवतात.

खरं म्हणजे हे हत्यार फक्त मोठ्या देशांचं असं आपण समजतो पण तसं नाहीये. १९३५ मध्ये इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आताच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) निर्बंध लावले पण तेल त्यातून वगळलं, आणि इटलीने देश गिळला तो गिळलाच. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, १९४६ च्या जुलैमध्ये, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला, तिथल्या भारतीयांच्या जमिनीच्या हक्कावर गदा आणणारा कायदा आला होता म्हणून. देश अजून स्वतंत्र नव्हता, अंतरिम सरकारसुद्धा आलेलं नव्हतं. वर्णद्वेषाविरुद्ध व्यापार तोडणारा पहिला देश आपला, आणि हे शाळेत नीट शिकवत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

अमेरिकेच्या संसदेला तिथवर यायला ४० वर्षं लागली. कॅलिफोर्नियाचे खासदार रॉन डेलम्स १९७२ पासून बिल मांडत होते, कोणी विचारत नव्हतं. मधल्या काळात तर उलटंच झालं होतं, शेजारच्या ऱ्होडेशियावर (आताचं झिंबाब्वे) संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध असताना १९७१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने तिथून क्रोम आणायला वाट करून दिली, ती १९७७ ला बंद झाली. मग १९८६ आलं. दोन्ही सभागृहांनी निर्बंधाचं बिल पास केलं, राष्ट्राध्यक्ष रेगनने व्हेटो मारला. मतदानाच्या आधी दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्रमंत्री पिक बोथा यांनी शेतीवाल्या राज्यांच्या सिनेटरांशी फोनवर बोलून सांगितलं की व्हेटो उलटवाल तर आम्ही तुमचं धान्य घेणार नाही. म्हणजे थेट शेतकऱ्याच्या पोटावरची धमकी. तरी हाऊसमध्ये ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१ मतांनी व्हेटो उलटला. रेगनच्याच पक्षाच्या कितीतरी लोकांनी त्याच्याविरुद्ध मत दिलं. कोळसा, युरेनियम, पोलाद, कापड, शेतमाल, सगळ्याची आयात बंद, नवी गुंतवणूक बंद. स्वतःच्या मतदारांचं नुकसान दिसत असताना दिलेलं मत म्हणून मी या मतदानाला मानतो.

कारण एरवी असं होत नाही. १९८० च्या जानेवारीत, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी रशियाला जाणारं १.७ कोटी टन धान्य अडवलं. रशियाने अर्जेंटिनाकडून घेतलं आणि अमेरिकेचा शेतकरी बोंबलत बसला, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रेगनने ती बंदी उठवली. ती गोष्ट तिथले शेतीवाले खासदार कधी विसरले नाहीत.

आता आपल्यावर आलेलं बघा. मे १९९८, पोखरण. ११ आणि १३ तारखेला स्फोट झाले आणि आपोआप एक कायदा लागू झाला, तो १९९४ ला संसदेने पास केलेला. सिनेटर जॉन ग्लेन यांच्या नावाची ती दुरुस्ती, हेच ते पृथ्वीभोवती फेऱ्या मारणारे पहिले अमेरिकन अंतराळवीर. त्या दुरुस्तीत राष्ट्राध्यक्षाला सूट द्यायला जागाच ठेवलेली नव्हती, अणुस्फोट केला की मदत बंद, सरकारी कर्जहमी बंद, जागतिक बँकेत कर्जाला विरोध. क्लिंटनने मनात आणलं असतं तरी थांबवता आलं नसतं. मग महिनाअखेर पाकिस्ताननेही स्फोट केले आणि तिथंच गंमत बदलली, कारण पाकिस्तान अमेरिकेचा गहू घ्यायचा, तोही त्याच सरकारी हमीच्या उधारीवर. १५ जुलैला पाकिस्तानचं गव्हाचं टेंडर होतं. वॉशिंग्टन राज्याकडचे गहू पिकवणारे शेतकरी आपापल्या खासदारांच्या मागं लागले की हमी नसेल तर ऑर्डर दुसरा देश नेईल. ९ जुलैला सिनेटने ९८ विरुद्ध ० मतांनी शेतमालाच्या उधारीला निर्बंधातून सूट दिली, १४ जुलैला क्लिंटनची सही, टेंडरच्या एक दिवस आधी! जो कायदा कोणासाठी हलत नव्हता तो गव्हासाठी पाच दिवसांत हलला. भारत-पाकिस्तानवरचे अणुस्फोटाचे बाकी निर्बंध पूर्ण उठायला २२ सप्टेंबर २००१ उजाडलं.

यात मी अमेरिकन शेतकऱ्याला दोष देत नाही. त्याने आपल्या खासदाराला कामाला लावलं, लोकशाहीत हेच करायचं असतं. आपली अडचण एवढीच की त्या सभागृहात लातूरच्या शेतकऱ्याचा खासदार बसत नाही, आणि झळ मात्र इथपर्यंत येते.

इराणचं प्रकरण त्यासाठी नीट समजून घेण्यासारखं आहे. १ डिसेंबर २०११ ला सिनेटने १०० विरुद्ध ० मतांनी ठरवलं की इराणच्या मध्यवर्ती बँकेशी तेलाचा व्यवहार करणाऱ्या परदेशी बँकांना अमेरिकेचं दार बंद करायचं. एकही विरोधी मत नाही. भारत तेव्हा इराणचं भरपूर तेल घ्यायचा, डॉलरमध्ये पैसे देता येईनात, म्हणून तेलाच्या पैशाचा काही भाग रुपयात कोलकात्याच्या युको बँकेत जमा व्हायला लागला. ते रुपये इराणला बाहेर नेता येत नव्हते, भारतातूनच माल घ्यायचा. त्याने बासमती घेतला, चहा घेतला, औषधं घेतली आणि सोयापेंड घेतली. आता शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी ८० किलोच्या घरात पेंड, आडतीवर ज्याला डीओसी म्हणतात ती. म्हणून पेंडीला बाहेर गिऱ्हाईक असलं की मिलवाला हात सैल सोडून खरेदी करतो, नसलं की लातूरच्या सौद्यात भाव बसतो. निर्बंधामुळं इराण आपल्या पेंडीचा मोठा गिऱ्हाईक झाला. २०१६ च्या जानेवारीत निर्बंध सैल झाले, इराण इतर देशांचा माल घ्यायला मोकळा झाला. २०१८ ला ट्रम्पने इराणशी झालेला अणुकरार मोडला, पुन्हा रुपये जमा, पुन्हा पेंड. आणि मे २०१९ मध्ये अमेरिकेने इराणचं तेल घ्यायला भारताला दिलेली सूट संपवली, आपण इराणचं तेल बंद केलं, तेल नाही तर युकोत रुपये नाहीत, रुपये आटले तशी पेंडीची मागणीही आटली. सोयाबीनचा भाव एका कारणाने ठरत नाही हे खरं, ब्राझील-अर्जेंटिनाचं पीक, पामतेलाची ड्युटी, पाऊस, सगळंच असतं. पण एक आख्खं गिऱ्हाईक दुसऱ्या देशातल्या निर्णयाने आलं आणि गेलं, आणि पेरताना आपल्याला कोणी ते सांगितलं नाही.

२०१७ चा रशिया-इराण-उत्तर कोरियावरचा कायदा असाच, हाऊसमध्ये ४१९-३, सिनेटमध्ये ९८-२. त्यातलं एक कलम रशियाकडून मोठी शस्त्रं घेणाऱ्यांवर होतं. आपण २०१८ ला रशियाशी एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेचा करार केला, त्यापायी भारतावर कारवाई झाली नाही, तुर्कस्तानवर २०२० ला झाली. पोटॅशचं तर सगळ्यांना आठवत असेल, बेलारूसवर युरोप-अमेरिकेचे निर्बंध, २०२२ च्या फेब्रुवारीत लिथुआनियाने रेल्वेची वाट बंद केली, त्यात युक्रेनची लढाई, आणि आपण एमओपी, म्हणजे हे पोटॅश खत, सगळं बाहेरूनच आणतो. गोणी सतराशेच्या घरात गेली.

आणि एप्रिल २०२५ मध्ये सिनेटर लिंडसे ग्रॅहम आणि रिचर्ड ब्लुमेंथल यांनी अजून एक बिल आणलं, रशियाचं तेल घेणाऱ्या देशांच्या मालावर ५०० टक्के टॅरिफ. १०० पैकी ८० च्या वर सिनेटरांनी त्याला पाठिंबा दिला. मतदानाआधीच एवढे लोक एका बाजूला, कारण मत देणाऱ्याच्या गावात त्याचा त्रास लगेच दिसत नाही.

आपल्याकडं मात्र असं मतदान होतच नाही. सुरक्षा परिषदेने ठरवलेले निर्बंध लागू करायचा अधिकार १९४७ च्या एका छोट्याशा कायद्याने केंद्र सरकारला दिलेला आहे, सरकार आदेश काढतं आणि विषय संपतो. एकट्या देशाने लावलेले निर्बंध आम्ही मानत नाही ही आपली अधिकृत भूमिका आहे, पण इराणचं तेल आपण बंद केलंच, आणि त्याच्या आधी लोकसभेत सोयापेंडीचं काय होणार यावर मतदान झालं नाही. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या खासदारांनी निदान एवढं करावं, तिकडं असं बिल समितीत आलं की इकडं वाणिज्य आणि कृषी मंत्र्यांना तारांकित प्रश्न टाकावा की यात आमचं कोणतं पीक अडकतं, कोणतं खत अडकतं आणि सरकारने दुसरं गिऱ्हाईक कोणतं बघून ठेवलंय. आणि हे पेरणीच्या आधी विचारावं, सोयाबीन आडतीवर येऊन पडल्यावर नाही.